नवव्या बटणावरची लेक

बाबांच्या नंबरवरून फोन आला आणि बोलली दुसरीच बाई.

बुधवार होता, सकाळचे साडेअकरा झाले असतील. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे फोनचा आवाज बंद करून तो खणात टाकायचा असा नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. कात्री घ्यायला खण उघडला तेव्हा फोन थरथरत होता आणि पडद्यावर 'बाबा' दिसत होतं. त्याआधी एका अनोळखी नंबरवरून तीन फोन येऊन गेले होते. बाबा बुधवारी फोन करत नसत. खरं तर बाबा फोनच करत नसत. रविवारी सकाळी दहाला मी करायची.

"ताई, मी वरची बोलतेय," ती बाई म्हणाली. "काका... तुम्ही आहात तशा निघा."

पहिल्या क्षणी मला दुःख झालं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. पहिल्या क्षणी मनात आलं, बाबांचा फोन हिच्या हातात कसा?

वरची म्हणजे बाबांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहणारी शिवणकाम करणारी बाई. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, एकटी. आई गेल्यावर बाबा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत राहायला गेले, त्याला अकरा वर्षं झाली. रविवारच्या आमच्या बोलण्यात वरची पहिल्यांदा कधी आली ते आठवत नाही. एकदा आली ती गेलीच नाही. वरचीने पायरीला रंग लावून घेतला. वरचीला सर्दी झाली. वरची म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी "हं" म्हणायची. माझं "हं" किती प्रकारचं असतं हे बाबांना चांगलं ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी कळल्याचं दाखवलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी त्यांना चांगला, मोठ्या पडद्याचा फोन पाठवला. आठ दिवस तो त्यांनी सोसला. "काचेवर बोट ठेवलं की कळतच नाही, ठेवलं की नाही ते," म्हणाले. बाबा चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, हे काम. खिळ्याच्या एका अंगाला खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे हे न बघता कळतं. अशा अंगठ्याला काच काय सांगणार? त्यांनी माझा फोन पुन्हा खोक्यात घातला, वरचीबरोबर बाजारात गेले आणि बटणांचा साधा फोन घेऊन आले. तिनेही तसलाच घेतला. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच रंगाचा.

"पाचाच्या बटणावर टिंब आहे," त्या रविवारी बाबा म्हणाले. "बोटाला लागतं. बघावं लागत नाही."

"मी पाठवला होता त्यात माझा चेहरा दिसला असता."

"तुझा चेहरा मला पाठ आहे."

मी विषय बदलला.

दोन फोन एका घाण्यातले, पण निघाले मात्र दोन स्वभावांचे. बाबांचा एकदा चार्ज केला की नऊ दिवस चालायचा. वरचीचा दुसऱ्या संध्याकाळी मान टाकायचा. बाबांचा हातातून दोनदा जिन्यात पडला, झाकण एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे गेली. गोळा करून जोडला की पुन्हा सुरू. वरचीचा कधी पडला नाही, तरी त्याचा रेडिओ मनाला येईल तेव्हा आपोआप लागायचा.

"काल एक जाडेले गृहस्थ कोटाचं माप द्यायला आले होते," बाबा सांगत. "श्वास रोखून उभे. हिने छातीला टेप लावली आणि हिच्या खिशातनं आवाज आला, 'वादळी वाऱ्याची शक्यता.' हवामान! त्यांनी भीतीने श्वास सोडला आणि माप गेलं!" एवढं सांगायला त्यांना तीनदा थांबावं लागलं, इतकं हसू येत होतं.

माझ्या कुठल्याही गोष्टीला ते असे हसले नव्हते. मी एकदा घड्याळ समोर ठेवून बसले. पंधरा मिनिटांच्या बोलण्यात सात मिनिटं वरचीच्या फोनला गेली.

"दुकानात परत का देत नाहीत त्या?" मी विचारलं.

"सवय झालीय म्हणते. आणि माझा नीट चालतोय ना, मग अडतंय कुठे?"

या वाक्याचा अर्थ मला त्यांच्या माघारी कळला.

सगळं आटोपलं. आलेली माणसं आपापल्या घरी गेली. घरमालकाने शनिवारपर्यंत खोल्या रिकाम्या करून किल्ली द्यायला सांगितलं. सांगताना दारातच उभा राहिला, आत आला नाही, याबद्दल मला तो आवडला. मी सोमवारी सकाळी बाबांच्या घरात एकटी होते. बाबांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. ज्या दिवशी आले त्याच दिवशी मी तो वरचीकडून मागून घेतला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक पांढरी नाडी लोंबत होती. वरून आलेली. तिच्या टोकाला कपड्यांचा लाकडी चिमटा होता आणि वाऱ्याने तो काचेवर टकटक करत होता. मी भांडी कागदात गुंडाळत होते. टकटक. मी खिडकी उघडली, हात वर जाईल तितका नेला, नाडी कापली आणि चिमट्यासकट कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

दुपारी वरची डबा घेऊन आली. गळ्यात मोजायची टेप, बाहीला दोन टाचण्या. तिने आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चहा टाकू का, ताई?"

तिने हात वर केला आणि न बघता साखरेचा डबा काढला. सकाळी मी साखरेसाठी तीन डबे उघडले होते.

"एक विचारायचं होतं," पाणी उकळेपर्यंत ती म्हणाली. "काकांचा फोन तुम्ही नेणार का?"

"हो."

"नाही, म्हणजे... माझ्याकडे राहिला असता तर बरं झालं असतं. माझा तुम्हाला माहीतच आहे कसा आहे."

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणाले. खोटं बोलले. तिच्या फोनचं सगळं दुखणंखुपणं मला माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली. चहा मला दिला, स्वतः न घेताच गेली.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. त्यांचा आवाज नेहमी मोठा ठेवलेला असायचा. मी दचकून उचलला.

"काका, माझ्या पँटची कंबर सोडली का तिने?"

"कोण बोलतंय?"

"अहो, बेकरीवाला. एक इंच सांगितली होती. दीड सोडायला सांगा. घरात लग्न... जाऊ दे, कारण काय सांगायचं, बेकरी आहे माझी!" तो आपल्याच बोलण्यावर हसला. "काका कुठेत? त्यांना द्या ना. त्यांना माझी कंबर तोंडपाठ आहे."

"हा शिवणकामाचा फोन नाही," मी म्हणाले. "मी त्यांची मुलगी. बाबा गेले. बुधवारी."

पलीकडे ट्रे आपटल्याचा आवाज झाला.

"काल-परवा तर बोललो," तो म्हणाला. मग हळूच, "दीडचं राहू द्या, ताई. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी चार फोन आले. एका शाळेच्या बाईंना पडदे शुक्रवारी हवे होते. दवाखान्यातल्या नर्सच्या कोटाची बटणं. कोणीतरी फक्त "झाला का?" एवढंच विचारलं. प्रत्येकाला बाबा हवे होते आणि प्रत्येकाला मी तेच वाक्य सांगितलं, इतक्या वेळा की संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटू लागलं.

टेबलाच्या खणात उभ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. जुन्या प्रुफांच्या कोऱ्या पाठी, पट्टीने फाडलेल्या. काहींवर लिहिलेलं होतं. 'बेकरी: कंबर, १ इंच.' 'शाळा: पडदे, शुक्रवार, अस्तर नको.' अक्षर तेच, माझ्या वसतिगृहातल्या पत्रांवर असायचं ते. सरळ, मोकळं, शब्दांत मोजून अंतर सोडलेलं. मला पत्र येणं बंद होऊन वीस वर्षं झाली. तोच हात इकडे लोकांच्या कंबरा लिहीत होता.

मग मी फोन बघायला घेतला. असल्या फोनमध्ये एकेका बटणावर एकेक नंबर ठेवता येतो. ते बटण दाबून धरलं की फोन लागतो. एक सोडून दोन ते नऊ, अशा आठ जागा. दोनवर 'वरची' होती. त्याच्या खाली दवाखाना, बेकरी, घरमालक, औषधवाला, छापखान्यातले जुने फोरमन, आणि आठवर गॅसवाला. नऊवर 'लेक'.

मी यादीत पुन्हा वर जाऊन खाली आले. गॅसवाल्याच्या नंतर.

फोन दिव्याखाली धरला. दोनाचा आकडा घासून अर्धा पुसला होता. नऊचं बटण दुकानातून आणल्यासारखं चकचकीत होतं.

माझं वय पन्नासाला आलं आहे. घरात आणि बाहेर मला लोक समंजस समजतात. तरी त्या खुर्चीत बसून मी एका शिंपिणीवर इतकी जळत होते की कान गरम झाले. आणि जळता जळता मला एक चांगलं कारण सापडलं. बाबांना जिना मना होता. मग या चिठ्ठ्या वर जात कशा होत्या?

बुधवारी सकाळी मी त्या चिठ्ठ्या घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. ती मशिनवर बसली होती. समोर पडद्याचा निळा ढीग.

"तुमच्या पँटींसाठी माझे बाबा जिना चढत होते?"

तिचा पाय थांबला. "कोण म्हणालं?"

मी चिठ्ठ्या तिच्यासमोर ठेवल्या. "डॉक्टरांनी त्यांना जिना मना केला होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच नेलं होतं ना त्यांना डॉक्टरांकडे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ती उठली आणि खिडकीशी गेली. गजाला पांढरी नाडी गुंडाळलेली होती, तिचं टोक कापलेलं. "मी ही सोडायची. फोन आला की ते चिमट्याला चिठ्ठी लावायचे आणि दोन झटके द्यायचे. मी ओढून घ्यायची. एक पायरी चढू दिली नाही मी त्यांना. भाजीसुद्धा हिच्यावरून खाली जायची."

कापलेल्या टोकाचे धागे सुटले होते.

"तुम्हाला कपडे वाळत घालायची दोरी वाटली असेल," ती म्हणाली. मला वाट करून देत होती.

"नाही," मी म्हणाले. "तुमचीच काहीतरी असणार, हे कळलं होतं. म्हणून कापली."

ती खाली बसली. बाहीतली टाचणी काढून तिने टाचण्यांच्या गादीत खुपसली, पुन्हा काढली.

"माझा राग येतो तुम्हाला," ती म्हणाली. "येऊ दे. मलाही तुमचा येतो."

"माझा? मी काय केलं तुमचं?"

"रविवार!" तिने हातातली टाचणी माझ्याकडे रोखली. "रविवारी नऊ ते अकरा त्या फोनवर कुणी फोन करायचा नाही. मी नाही, बेकरी नाही, कुणी मेलं तरी नाही. लाइन मोकळी पाहिजे. शनिवारी शर्ट वर यायचा, इस्त्रीला. मी म्हटलं, काका, फोनवर शर्ट दिसत नाही. तर म्हणे, आवाजात दिसतो."

तिने टाचणी पुन्हा गादीत खुपसली.

"गुडघ्याला तेल लावा, गुडघ्याला तेल लावा, महिनाभर मी घसा कोरडा केला. नाही लावलं. एका रविवारी तुम्ही सांगितलं. सोमवारी नाडीवर बाटली! 'वरचे, जरा कोमट करून पाठव, लेक म्हणाली लावा.' माझ्या जिवाला काय वाटलं असेल?" ती हसली की तिचे डोळे भरले ते मला कळलं नाही. "आणि चिठ्ठ्या! गिऱ्हाइकाची एक, तर तुमच्या दोन. लेकीला बढती. लेकीने अमक्या विषयावर भाषण दिलं. मला काय कळतंय भाषणातलं? मी दाताने दोरा तोडणारी बाई."

"मग मी नऊवर का?" माझ्या तोंडून निघून गेलं. पन्नाशीच्या बाईला शोभेल असा प्रश्न नव्हता तो.

"काय नऊवर?"

"बटणावर. तुम्ही दोनवर आहात. मी शेवटी."

"ते मला काय ठाऊक? बटणं काकांनीच भरली, त्यांचीही आणि माझीही. कागदावर काहीतरी आखून बसले होते." तिने खिशातून आपला फोन काढला. तसाच, त्याच रंगाचा, मागे चिकटपट्टी लावलेला. "माझ्यातही नऊवर तुम्हीच आहात. त्यांनी घालून दिलंय. म्हणाले, काही झालं तर हे दाब. त्या दिवशी मी दाबलं. तीनदा. मग वाटलं, माझा नंबर तुम्हाला ओळखीचा नाही, म्हणून घेत नसाल. मग त्यांच्या खिशातला काढला."

ते तीन फोन अजून माझ्या फोनमध्ये होते. मी ते कुणाचे, हे शोधलंही नव्हतं.

खाली येऊन मी बाबांच्या कपाटातून बटणांच्या फोनचं खोकं काढलं. आत चार्जर, न उघडलेलं माहितीपत्रक आणि हमीचं कार्ड. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने नऊ घरं आखलेली होती, पट्टीने, कोपरे जुळवून.

त्या घरांकडे बघताना मला छापखाना आठवला. शाळा सुटली की मी तिथे जायची. बाबांच्या पुढे लाकडी खणांची मोठी केस तिरकी मांडलेली असायची, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. मी एकदा विचारलं होतं की ही अक्षरं पाटीवरच्या क्रमाने का नाहीत. बाबा म्हणाले होते, इथे क्रम हाताचा. जे घडोघडी लागतं ते हाताशी, मोठ्या खणात. जे क्वचित लागतं ते लांब, कोपऱ्यात. एकदा माझ्या धक्क्याने कोपऱ्यातल्या खणातला एक खिळा सांडला. बाबा आणि फोरमन दोघं गुडघ्यांवर बसून दुपारभर यंत्राखाली हात घालत होते. हाताशी असलेल्या खणांतून रोज मूठ-मूठ सांडायची, तिच्यासाठी कुणी वाकत नसे.

कार्ड मी खिडकीशी नेलं. दोनच्या घरात 'वरची' लिहिलं होतं, पण त्याखाली खोडरबराने पुसलेलं काहीतरी होतं. कार्ड तिरकं केल्यावर पेन्सिलीचा दाब दिसला. 'लेक.' चारच्या घरातही बेकरीखाली तेच, पुसलेलं. मग सातमध्ये. नऊमध्ये मात्र खाडाखोड नव्हती.

चार वर्षांपूर्वीचा तो महिना मला आठवला. फोन नवा होता आणि बाबा दुपारी केव्हाही करायचे. एकदा पाचाचं टिंब सापडलं म्हणून. एकदा गॅस येत नव्हता म्हणून. एकदा छातीत जरासं जड वाटतंय म्हणून, असं मला मागाहून कळलं; त्या वेळी मी फोन कापला होता. रविवारी मी त्यांना शांतपणे समजावलं होतं, "बाबा, कामाच्या वेळी नका करत जाऊ. मी करेन ना रविवारी." ते म्हणाले होते, "बरोबर आहे. माझ्या ध्यानात आलं नाही." त्यानंतर त्यांनी कधी केला नाही. जुळाऱ्याने खण बदलला होता. माझी जागा त्यांनी ठरवलीच नव्हती. ती मी सांगितली होती आणि त्यांनी मुकाट्याने लिहून घेतली होती.

वर मशिन चालू होतं. त्याचा आवाज छतातून येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. अकरा वर्षं बाबांनी हा आवाज ऐकला होता. मला तेव्हाही हेवा वाटला, पण आता कुणाचा ते नीट सांगता येईना.

मी बाबांचा फोन उचलला आणि दोन दाबून धरला.

छताच्या वर फोन वाजला. मशिन थांबलं.

"बोला काका, कुणाचा आ..." ती सवयीने म्हणाली आणि तिथेच तुटली.

तिच्या श्वासाचा आवाज माझ्या कानात येत होता.

"मी आहे," मी म्हणाले.

"हो."

"बेकरीवाल्याचा आला होता. सोमवारी. मी सांगितलं नाही तुम्हाला."

"काय म्हणाला?"

"कंबर दीड इंच सोडायची."

"एक म्हणाला होता."

"आता दीड म्हणतो."

"अजून एक फिरवेल तो शब्द," ती म्हणाली. नाक ओढल्यासारखा आवाज झाला. "बरं. दीड." थोड्या वेळाने मशिन सुरू झालं.

गुरुवारी आणि शुक्रवारी फोन येत राहिले. मी बाबांच्या चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं. माझं अक्षर त्यांच्यासारखं नाही. जिन्यावरून जाऊन चिठ्ठी दिली की ती तिथेच वाचायची आणि "हे काय, 'सात' की 'सहा'?" असं विचारायची. शुक्रवारी सकाळी खिडकीबाहेर नवी नाडी आली, निळ्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची, टोकाला नवा चिमटा. मी चिठ्ठी लावली आणि दोन झटके दिले. नाडी वर गेली आणि थोड्या वेळाने उतरली, तर चिमट्याला बाबांच्या अक्षरातली एक जुनी चिठ्ठी होती. 'लेकीचा आवाज बसलाय. थंडीचं काही अंगावर घालत नसणार. तिच्या मापाचं एक जाकीट होईल का? माप मला माहीत नाही.'

शनिवारी किल्ली देऊन झाल्यावर मी तिच्याकडे गेले आणि फोन मशिनच्या फळीवर ठेवला.

"घ्या."

तिने लगेच हात लावला नाही. "नक्की, ताई?"

"लोक त्यालाच फोन करतात. तुमचं सिम बसवायलाही त्यात दुसरी जागा आहे."

"पण दोनवर तर मीच आहे," ती म्हणाली. "मीच मला कशाला फोन करू?"

"तिथे दुसरं कुणी घाला. रोज लागणारं."

"आणि नऊ?"

"नऊ राहू दे," मी म्हणाले. "तुमचा जुना मला द्या."

"तो?" ती घाबरलीच. "अहो, तो वेडा आहे. काय करणार त्याचं? बॅटरी फुगलीय, रेडिओ आपोआप..."

"माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. सात मिनिटं दर रविवारी."

तिला ते कळलं नाही आणि मी समजावलं नाही. तिने सिम काढून घेतलं, चिकटपट्टी नीट दाबून बसवली आणि फोन माझ्या हातात दिला. मग गळ्यातली टेप काढली. "जरा उभ्या राहा. जाकिटाचं माप राहिलंय." तिने खांदे मोजले, छाती मोजली, बाही मोजली. मी नकळत श्वास रोखला होता.

कामावर रुजू होऊन तीन आठवडे झाले. बाजारातून नवी बॅटरी आणून मी त्या फोनमध्ये घातली. तो माझ्या खणात असतो, मी एक दिवसाआड त्याला चार्ज करते. त्याच्यावरून कुणाला फोन लागत नाही आणि कुणाचा येत नाही. काल दुपारी ग्रंथालय भरलेलं होतं, परीक्षा जवळ आल्या आहेत. मुलं वह्यांत डोकी घालून बसली होती. इतकी शांतता होती की पानं उलटल्याचं ऐकू येत होतं. आणि माझ्या खणातून एका बाईचा भारदस्त आवाज आला, "येत्या चोवीस तासांत आकाश अंशतः ढगाळ राहील."

शंभर डोकी वर झाली. मी खण उघडला, ती बाई आणखी मोठ्याने बोलू लागली. बंद करायचं बटण दाबलं, तर तिने वाऱ्याचा वेग सांगितला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मी हसले. तोंडावर पुस्तक धरलं तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माझा नियम भिंतीवर, माझ्याच सहीने, माझ्याकडे बघत होता.

हे रविवारी सांगायचं, असं मनात आलं. मग कळलं.

मी माझा फोन घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, बाबांचा नंबर लावला. भर बुधवारी. तिने पहिल्याच रिंगला उचलला. तेही मला जरा झोंबलंच.

"बोला, ताई."

"तुमचा फोन बोलला आज," मी म्हणाले. "भर ग्रंथालयात."

"अगं बाई! काय म्हणाला?"

मला पुढचं बोलता येईना. एवढं सांगायला तीनदा थांबावं लागलं.

"हवामान?" तिनेच विचारलं.

"हवामान."